तालुक्याच्या दवाखान्यासाठी साखर-बीपीचं ॲप : पेशंट आणि डॉक्टर दोघांनी वापरावं म्हणून काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी अँड्रॉइड डेव्हलपर. आजवर बँकांची ॲप्स केली, आरोग्यातलं हे पहिलंच. माझी थोरली बहीण सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. तिच्याकडे नियमित येणाऱ्यांत साखर आणि बीपीचे पेशंट सर्वांत जास्त. घरी मोजलेली साखर, बीपी आणि घेतलेल्या गोळ्या पेशंटने फोनवर नोंदवायच्या आणि ताईला त्या टॅबवर दिसाव्यात, एवढीच कल्पना होती.

चाळीसेक जणांच्या फोनवर टाकून दिलं. दीड महिन्याने पाहिलं तर दहा-बारा जणच वापरत होते, आणि त्यांतही बहुतेकांच्या नोंदी सून नाहीतर नातू भरत होता. ताईने तर दुसऱ्या आठवड्यापासून टॅब उघडलाच नव्हता. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "पेशंट समोर बसलाय, मी त्याच्याकडे बघू की तुझ्या आलेखाकडे?" तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

यात पैसे कमवायचे नाहीत, पण काम नीट व्हायला हवं. अशी ॲप्स ज्यांनी वापरली, बनवली किंवा घरातल्या कुणासाठी चालवली, त्यांनी मोकळेपणाने सांगा. पुढच्या आवृत्तीत इन्सुलिन किती घ्यावं हे ॲपनेच सुचवावं असाही विचार आहे. त्यावरही मत हवंय.

एमओ_पीएचसी

तुमच्या ताईंचं बरोबर आहे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. बाजाराच्या दिवशी ओपीडी शंभरावर जाते. तेव्हा मला पेशंटचे महिनाभराचे आकडे नको असतात. मागच्या वेळी काय दिलं होतं, ते घेतलं का आणि आज आकडा कुठे आहे, एवढंच हवं असतं. केसपेपरवर हे एका नजरेत दिसतं, कारण दर वेळी ते त्याच जागी लिहिलेलं असतं. ताईंचे जुने शंभर केसपेपर मागून घ्या. काय कुठे लिहिलंय आणि काय कधीच लिहिलेलं नाही ते बघा. त्या कागदावर जे येत नाही ते डॉक्टरच्या पहिल्या स्क्रीनवर येऊ देऊ नका.

दुसरं, नोंद डॉक्टरने करायची ही अपेक्षा सोडा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम (आयएचसीआय) २०१७ साली सुरू झाला, सुरुवातीच्या राज्यांत आपलं राज्य होतं. त्यात 'सिंपल' नावाचं ॲप वापरतात. पेशंटकडे क्यूआर कोडचं कार्ड असतं. सिस्टर ते स्कॅन करते, बीपी टाकते, औषधं तीच की बदलली ते निवडते, पुढची तारीख घालते आणि कार्ड परत देते. नेट नसलं तरी नोंद होते, रेंज आली की वर जाते. जे तारखेला आले नाहीत त्यांची यादी फोन करायला तयार मिळते. माझ्या मते सगळ्यात मोलाची ती यादी. जो आलाय त्याला मी बघतोच आहे, न आलेला मला दिसत नाही. त्या ॲपचा कोड सर्वांसाठी खुला आहे. तुमच्या स्क्रीन काढायच्या आधी तो वाचून घ्या.

इन्सुलिनचं कृपया नको. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागलेला असला तरी ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतं. हात धुतला का हे तुमच्या ॲपला कळणार नाही. त्या आकड्यावर डोस वाढवला आणि मध्यरात्री साखर ७० च्या खाली घसरली तर घरात जागं कोण असेल?

रातराणी

मी माझ्या आईची सांगते. आई ७१ वर्षांची, साखर पंधरा वर्षांपासून. मी तिला एक नावाजलेलं ॲप घालून दिलं होतं. आकडा वाढला की पूर्ण स्क्रीन लाल व्हायची. दोनेक महिन्यांनी नोंदी अगदी छान दिसायला लागल्या. मी खूश. प्रत्यक्षात ती फक्त सकाळी फिरून आल्यावर, आकडा बरा येईल अशाच दिवशी मोजत होती. बाकी दिवस मोजणंच बंद. विचारलं तर म्हणाली, "ते लाल झालं की परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं गं." मला त्या दिवशी फार अपराधी वाटलं. मी तिला मदत म्हणून धाक दिला होता.

कृष्णाकाठ दादा, लाल रंग फक्त आत्ता लगेच काहीतरी करायचं असेल तेव्हाच ठेवा, आणि तेव्हा नुसता रंग नको. काय करायचं ते लिहा : साखर कमी आहे, तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि उपास! आईची चतुर्थी, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. त्या ॲपला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी आठला 'नाश्त्याआधी गोळी' म्हणून वाजायचं, आई गोळी घ्यायची आणि नाश्ता करायचीच नाही. काही गोळ्यांनी असं केलं तर साखर एकदम उतरते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. 'उद्या उपास आहे' असं एक बटण ठेवा. ते दाबलं की ॲपने स्वतः काही ठरवू नये, उपासाच्या दिवशी काय करायचं म्हणून डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलंय तेवढंच दाखवावं.

गटप्रवर्तक_बीड

मी आशाताईंच्या कामावर देखरेख करते. माझ्या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात, त्या पार चैत्राच्या आसपास परत येतात. यातली बरीच मंडळी तुमच्याच सांगली-कोल्हापूरकडे येतात, म्हणून लिहिते.

फोन नंबरला पेशंटची ओळख करू नका. घरात फोन एक, तो नवऱ्याकडे. रिचार्ज संपला की नंबर बंद, नवीन सिम. तोच माणूस तुमच्याकडे दुसऱ्यांदा नवा पेशंट म्हणून नोंदला जाईल आणि त्याचं आधीचं औषध कुणालाच कळणार नाही. हातात देता येईल असं कार्ड हवं, ते हरवलं तर नाव, गाव आणि अंदाजे वय यावरून शोधता आलं पाहिजे. जन्मतारीख सक्तीची ठेवली की सगळ्यांची १ जानेवारी लिहिली जाते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. फोन दुसऱ्याच्या हातात असतो, तर स्क्रीनवर 'अमुक आजाराची गोळी घ्या' असं उघडं झळकू नये. 'तुमची आठवण' एवढंच पुरे.

आमच्या आशाताई आधी रजिस्टर लिहितात, मग तेच ॲपमध्ये भरतात, मग तोच आकडा ग्रुपवर टाकतात. तुमच्या ताईंच्या कंपाउंडरवर ही वेळ आणू नका. ॲप सुरू केलंत तर वही बंद करा. वही बंद करायची हिंमत होत नसेल तर ॲप अजून तयार नाही.

मेडिकलवाला

गोळीचं चित्र दाखवून 'ही पांढरी गोळी सकाळी' असं करू नका. ब्रँड बदलला की रंग-आकार बदलतो, आणि दुकानात ब्रँड दर महिन्याला मिळेलच असं नाही. औषधाचं मूळ नाव आणि ताकद लिहा. साखरेवरच्या ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीत एकाच नावापुढे ताकदीचा १ किंवा २ असतो, तिथे नजर चुकते. तो आकडा मोठा छापा. आणि १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) ही पद्धत आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळते, तीच ठेवा.

काना_मात्रा

मी अक्षररचनेचं काम करतो. तुमच्या ॲपचे धाग्यातले स्क्रीनशॉट पाहिले. मजकूर चौदा मापाचा आणि फिकट राखाडी आहे. साठीच्या माणसाला, मोतीबिंदू पिकत असताना, तो दिसणारच नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ ठेवा, हा जगभर मान्य असलेला निकष आहे. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. तुमच्याकडे 'तुमच्या गोळ्या'तला खालचा अर्धा 'ळ्या' कापला गेलाय. 'मुक्त' किंवा 'नोटो देवनागरी' हे दोन्ही फाँट फुकट आहेत आणि मोठ्या मजकुराला चांगले चालतात. भाषा मराठी म्हणून नीट नोंदवा, म्हणजे ल आणि श आपल्या वळणाचे येतील.

आकडे मात्र मी १२० असे न ठेवता इंग्रजी वळणाचेच ठेवीन. ग्लुकोमीटर आणि बीपीच्या यंत्रावर तेच असतात, पेशंट ते बघून जुळवतो.

शब्दही बदला. 'रक्तशर्करा पातळी प्रविष्ट करा' असं कुणी बोलत नाही. 'आज साखर किती आली?' असं विचारा.

लीड्सकर

छोटीशी भर. इथे इंग्लंडमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात, तिकडे मिलिग्रॅममध्ये. मधला गुणक १८. तिकडचे १२६ म्हणजे इथले ७. माझे बाबा इथे राहून गेले आणि इथलं यंत्र सोबत घेऊन गेले. तिथल्या ॲपमध्ये त्यांनी '९' भरलं आणि ॲपने ते निमूट घेतलं. तुमच्या ॲपने असा आकडा आला तर थांबून विचारायला हवं.

कलम_आणि_कायदा

डोस सुचवण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलंच आहे. कायद्यानेही तो रस्ता बंद आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं चालत नाही, ती डॉक्टरला मदत करू शकते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून निदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणात मोडतं.

संमतीचं बघा. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमतीचा मजकूर पेशंटला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता आला पाहिजे, म्हणजे मराठीत हवाच. दिलेली संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं. चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) जोडणार असाल तर ऐच्छिक ठेवा, नसेल तरी पेशंटचं काम अडू नये.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले तीन दिवस ताईच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. हे मी आधी करायला हवं होतं.

इन्सुलिनचा विचार सोडून दिला. डॉक्टरची स्क्रीन आता केसपेपरसारखी करतोय, नोंद कंपाउंडर करणार, ताईला फक्त वाचायचंय. 'न आलेल्यांची यादी' रोज दुपारी एक वाजता, ओपीडी संपल्यावर. आज हातानेच यादी काढली, चौदा नावं आली. ताईने स्वतः पाच जणांना फोन केले. एक आजोबा म्हणाले की गोळ्या संपल्या होत्या आणि आणायला कुणी नव्हतं. ती फोन ठेवून बराच वेळ गप्प बसली.

दोन तांत्रिक अडचणी आहेत. नव्या अँड्रॉइडमध्ये ठरलेल्या वेळी गजर वाजवायला वेगळी परवानगी लागते, आणि काही फोन बॅटरी वाचवायला ॲप मागे झोपवून टाकतात, त्यामुळे आठवण वाजतच नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस पाठवायचा तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरंच बसतात. रातराणीताई, तुमच्या आईंना आठवण कशी केलेली चालेल?

रातराणी

आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंच्या आवाजात असेल तर मी ऐकेन." ताईंचा आवाज रेकॉर्ड करून फोनच जाऊ दे, संध्याकाळी साडेसातला, देवापाशी दिवा लावून झाल्यावर. त्या वेळी ती फोनजवळच असते.