पक्षाने काढूनही जॉयस बांडा मलावीच्या अध्यक्ष कशा झाल्या?

टिपणवही:
मलावीतल्या तेव्हाच्या सत्ताधारी डीपीपीने (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी) डिसेंबर २०१० मध्ये बांडांना पक्षातून काढलं. तरी त्या उपाध्यक्ष राहिल्या, २०११ मध्ये त्यांनी पीपल्स पार्टी काढली आणि एप्रिल २०१२ मध्ये अध्यक्ष झाल्या. मलावीच्या घटनेत कलम ६५ पक्षांतराचंच आहे ना? मग पद गेलं कसं नाही? आणि दोनच वर्षांत, २०१४ ला, इतका मोठा पराभव का?

घटनावाचक:
कलम ६५ फक्त खासदारांच्या जागेला लागतं. बांडा २००९ पर्यंत खासदार होत्या. २००९ ला त्या अध्यक्ष बिंगू वा मुथारिकांच्या जोडीने उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच मतपत्रिकेवर, जनतेच्या मतांनी निवडले जातात, त्यामुळे पक्षाला किंवा अध्यक्षाला उपाध्यक्ष काढता येत नाही. उरतो महाभियोग (कलम ८६). त्याला घटनेचा किंवा कायद्याचा गंभीर भंग दाखवावा लागतो आणि संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात.

मुथारिकांना हे चांगलं माहीत होतं. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच आपला आधीचा पक्ष यूडीएफ (युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट) सोडून डीपीपी काढली, तरी त्यांचं अध्यक्षपद टिकलं. २००६ मध्ये त्यांनी उपाध्यक्ष कासिम चिलुम्फांनी 'राजीनामा दिल्यातच जमा आहे' असं ठरवून पाहिलं, ते कोर्टाने अडवलं.

५ एप्रिल २०१२ ला मुथारिका वारले. अधिकृत घोषणा मात्र ७ तारखेला झाली. मधल्या काळात काही मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली: बांडांनी वेगळा पक्ष काढलाय, त्यांचा हक्क संपला. पण कलम ८३(४) स्वच्छ आहे: अध्यक्षपद रिकामं झालं की उरलेली मुदत पहिल्या, म्हणजे निवडून आलेल्या, उपाध्यक्षाची. लष्करप्रमुख हेन्री ओडिल्लो घटनेच्या बाजूने उभे राहिले आणि ७ तारखेलाच शपथविधी झाला. माझ्या मते मलावीच्या लोकशाहीची खरी परीक्षा त्या दोन दिवसांत झाली.

अर्थविचार:
पराभवाचं मूळ क्वाचात, म्हणजे मलावीच्या चलनात आहे. आधीच्या सरकारने डॉलरचा दर सुमारे १६७ क्वाचाला धरून ठेवला होता. तंबाखूतून येणारे डॉलर पुरेनात, पेट्रोलपंपांवर रांगा, नाणेनिधीचा कार्यक्रम रखडलेला. बांडांनी मे २०१२ मध्ये दर २५० केला आणि पुढे मोकळा सोडला. मदत परतली, इंधन आलं. पण इंधन आणि खत दोन्ही आयातीचं. २०१३ च्या सुरुवातीला महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली आणि सरकारी कर्मचारी संपावर गेले. निर्णय योग्य होता, टाळण्याजोगा नव्हताच. त्याची किंमत मात्र पगारदाराने आणि खत विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने चुकवली. स्वतःचा पगार ३० टक्के कापणं, अध्यक्षांचं जेट दीड कोटी डॉलरला विकणं, याने ती झळ कमी होणार नव्हती.

टिपणवही:
आणि कॅशगेट?

अर्थविचार:
कॅशगेट म्हणजे सरकारी तिजोरीच्या लुटीचा घोटाळा. पद्धत अशी: माल न देताच कंपनीच्या नावे बिल काढायचं, धनादेश वटवायचा आणि मग सरकारच्या संगणकीय हिशेबप्रणालीतून ती नोंदच पुसायची. सप्टेंबर २०१३ मध्ये अर्थसंकल्प संचालकांवर गोळीबार झाला, तेव्हा प्रकरण फुटलं. बांडांनी मंत्रिमंडळ बरखास्त केलं, ब्रिटनच्या पैशाने बाहेरचं लेखापरीक्षण होऊ दिलं. त्यात एप्रिल ते सप्टेंबर २०१३ या काळात १३ अब्जांहून जास्त क्वाचा गेल्याचं निघालं. देणगीदारांनी अर्थसंकल्पाची मदत थांबवली. २०१७ मध्ये पोलिसांनी बांडांविरुद्ध अटक वॉरंट जाहीर केलं, पण एप्रिल २०१८ मध्ये त्या परदेशातून परतल्या तेव्हा अटक झाली नाही.

टिपणवही:
दुसरी फेरी असती तर वाचल्या असत्या का?

घटनावाचक:
नाही. २०१४ ला बिंगूंचे भाऊ पीटर मुथारिका ३६.४ टक्के, विरोधी पक्षाचे लाझारस चक्वेरा २७.८, बांडा २०.२. दुसरी फेरी पहिल्या दोघांत झाली असती. मतमोजणी चालू असताना बांडांनी निवडणूकच रद्द जाहीर केली, ती मोठी चूक. तसा अधिकार अध्यक्षाला नाही आणि उच्च न्यायालयाने ते लगेच थांबवलं. ज्या घटनेने २०१२ मध्ये त्यांना तारलं, तिच्यावर त्यांनी तेव्हाही भरवसा ठेवायला हवा होता. ५० टक्क्यांहून अधिक मतांची अट पुढे २०२० मध्ये कोर्टाच्या निकालाने आली.