विज्ञानकथेच्या भविष्य-इतिहासातली (कल्पिलेल्या भावी काळातली) युद्धं आणि तह: कालरेषा कशी बसवावी?

आधी मंगळ-पृथ्वी युद्ध, मग ताऱ्यांमधलं. दोन्हींना एकच वेळापत्रक चालेल का?

प्रतिसाद १: नाही. पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची सोयीची संधी साधारण २६ महिन्यांनी येते, प्रवास आठ-नऊ महिन्यांचा. कुमक हुकली की दोन वर्षं गेली! तह त्याच फटीत घडवा.

प्रतिसाद २: प्रॉक्सिमा, म्हणजे सूर्याला सर्वात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षं दूर. प्रकाशाच्या १० टक्के वेगाने ४२ वर्षं. तहाचा संदेश ताफ्याला वाटेत गाठेल, पण इंधन थांबण्यापुरतंच असेल तर मागे वळणं विसरा. इतिहासात असं घडलंय: अमेरिका-ब्रिटन युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावर सह्या २४ डिसेंबर १८१४ला झाल्या. बातमी पोचण्याआधी न्यू ऑर्लिन्सची लढाई ८ जानेवारीला झालीच.

प्रतिसाद ३: युद्धबंदी कोणाच्या घड्याळाने, हेही कलमात हवं. त्या ४२ वर्षांत वेगामुळे जहाजाचं घड्याळ पृथ्वीच्या घड्याळापेक्षा अडीच महिने मागे पडतं.