धर्मपित्याचा नियम: देवाची आज्ञा की चर्चची व्यवस्था?

नगरची लेक (म्हापसा):
माझे माहेर नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे; सासर बार्देशातले, कॅथलिक. पुढच्या महिन्यात आमच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे आणि त्याचा धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा, गॉडफादर) माझा थोरला भाऊ व्हावा, अशी आम्हा दोघांची इच्छा होती. चर्चच्या कार्यालयात सांगण्यात आले की, भाऊ कॅथलिक नसल्यामुळे त्याचे नाव केवळ साक्षीदार म्हणून लिहिता येईल आणि धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून एक कॅथलिक व्यक्ती असावीच लागेल. कोणी उद्धटपणे बोलले नाही. तेथील बाईंनी नोंदवही माझ्याकडे वळवून दोन निरनिराळे रकाने दाखवले, इतकेच. घरी मात्र वाद पेटला आहे. भावाने फोनवरच बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचून दाखवला: तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांची परंपरा धरता. सासरे म्हणतात, चर्चने सांगितले म्हणजे देवानेच सांगितले. माझी तक्रार नाही, पण हा नियम नेमका कोणाचा, हे कसे ओळखावे?

सासष्टीचा धर्मशिक्षक (मडगाव):
ताई, नियम चर्चचा आहे आणि चर्च स्वतः तसेच म्हणते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ८७४ व्या कलमात धर्मपित्याच्या अटी दिल्या आहेत: साधारणपणे वय सोळा पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला, आणि बाळाचा आई किंवा बाप नसलेला. त्याच कलमात अन्य मंडळीतील बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीला कॅथलिक धर्मपित्यासोबत साक्षीदार होण्याची मुभा आहे. त्याआधीच्या ८७२ व्या कलमाचे शब्द पाहावेत: धर्मपिता ‘शक्य असेल तर’ असावा. म्हणजे तो नसला तरी बाप्तिस्मा खराच. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याचे नाव यांना मात्र पर्याय नाही. अडचणीच्या प्रसंगी कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, पण पाण्याऐवजी दुसरे काही वापरता येत नाही, आणि तेथे पोपही सूट देत नाहीत. ज्यात सूट देता येते तो नियम माणसांचा, ही ढोबळ खूण मी वर्गातल्या मुलांना सांगतो.

माझ्या आजीची गोष्ट सांगतो. पूर्वी कोमुन्याव, म्हणजे मिस्सात दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. शनिवारी रात्री ती कळशीवर थाळी उपडी घालून वर पाटा ठेवी, म्हणजे झोपेत चुकून कोणाचा हात जाऊ नये. १९५३ मध्ये पाण्याने उपास मोडत नाही असे ठरले, १९५७ मध्ये अन्नासाठी तीन तासांची मर्यादा आली आणि १९६४ मध्ये ती एक तासावर आली. आजीने पाटा काढला नाही. नियम बदलला म्हणून देव बदलला नाही, हे तिला कळत होते. पण पाटा ठेवणे ही तिची स्वतःची भक्ती होती आणि तिने ती आमच्यापैकी कोणावर लादली नाही.

सासऱ्यांचे म्हणणेही सर्वस्वी चूक नाही. बांधण्याचा आणि सोडण्याचा अधिकार येशूनेच शिष्यांना दिला, असे मत्तय सांगतो. नियम माणसांचे असले तरी ते करण्याचा अधिकार वरून आलेला आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

इतिहासवाचक (फोंडा):
मी ख्रिस्ती नाही, तरी या प्रश्नाला गोव्याच्या मातीत एक जुने उदाहरण आहे म्हणून लिहितो. रॉबर्ट द नोबिली हे जेझुइट पाद्री मदुरेत संन्याशाच्या वेशात राहत आणि नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे, शेंडी व गंध ठेवू देत. १६१९ साली येथे गोव्यातच धर्मगुरूंची परिषद भरली आणि तिचा कल त्यांच्या विरुद्ध गेला; १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी अटी घालून ती मुभा दिली. पुढे १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती घरांतील तुळस, पुरुषांचे धोतर, मिठावाचून शिजवलेला भात, इतकेच काय, लग्नात वधूवरांना हळद-तेल लावणेही निषिद्ध ठरवले. आज लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावून न्हाऊ घालण्याचा रोस हा विधी होतो आणि त्याला कोणी पाखंड म्हणत नाही. धर्मशिक्षकांच्या खुणेत म्हणून एक भर घालावीशी वाटते: सूट मिळेपर्यंतच्या काळात ज्यांना शिक्षा झाली, त्यांच्या दृष्टीने तो नियम माणसांचा होता की देवाचा, याने काय फरक पडला?

वसईकर (सध्या वास्को):
वरील प्रश्न बोचरा आहे आणि तो टाळता येणार नाही. तरी मार्कचा सातवा अध्याय नगरच्या दादांनी पूर्ण वाचावा. तेथे वाद हात धुण्यावरून सुरू होतो, पण येशू उदाहरण देतो ते ‘कुर्बान’चे. आपली मिळकत देवाला अर्पण केली असे म्हटले की म्हाताऱ्या आईबापांना पोसण्यातून मोकळीक मिळत असे. म्हणजे त्याचा राग केवळ नियम माणसांचा आहे म्हणून नव्हता. देवाचे नाव पुढे करून देवाचीच आज्ञा चुकवली जात होती, म्हणून होता. परंपरा तर प्रत्येक मंडळीत आहेत. तुमच्याकडे उपासनेची वेळ, पाळकाचा झगा, सभासदांची यादी बायबलमध्ये कोठे आहे? स्वतःच्या सोयीला देवाची आज्ञा म्हणणे हीही कुर्बानचीच जात. पौलाचा प्रामाणिकपणा मला म्हणून आवडतो: विवाहाविषयी करिंथकरांना लिहिताना तो एका ठिकाणी ‘मी नव्हे, तर प्रभू’ आणि लगेच पुढे ‘प्रभू नाही, तर मी सांगतो’ असे वेगवेगळे करून सांगतो. कार्यालयातल्या बाईंनी दोन रकाने दाखवले, तेही मला त्यातलेच वाटते. नियम म्हणून नियम दाखवला. तुमचा भाऊ देवाला चालत नाही असे त्या म्हणाल्या नाहीत.

नगरची लेक:
सर्वांचे आभार. फोंड्याच्या दादांचा प्रश्न सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी स्वतःच भावाला फोन लावला. माझ्या धाकट्या नणंदेचे नाव धर्ममाता म्हणून आणि भावाचे साक्षीदार म्हणून लिहायचे ठरले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पेटवायची मेणबत्ती भावाने नगरहून आणावी, असे सासऱ्यांनीच सुचवले. ती त्याच्या हातात द्यायला हरकत आहे का, हे आता रविवारी मिस्सानंतर विगारांना (आमच्या चर्चच्या मुख्य पाद्रींना) विचारणार आहे.