मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ओव्हरटेकच होत नाही, मग एवढं कौतुक कशाचं?

प्रश्न: ७८ लॅप्स गाड्या नुसत्या एकामागोमाग. यॉट आणि झगमगाट सोडला तर बघायचं काय?

उत्तर १: शनिवार बघा! खरी शर्यत क्वालिफायिंगमध्येच, म्हणजे रविवारी कोण कुठल्या जागेवरून सुरू करणार हे ठरवणाऱ्या फेरीतच होते. लॅप जेमतेम ३.३३७ किलोमीटरची, वळणं १९, बहुतेक ठिकाणी कडेला थेट बॅरियर. ट्रॅकलगतच्या स्विमिंग पूलपाशी वळताना आतल्या बाजूला पुढचं चाक जरा जोरात घासलं की सस्पेन्शनचा आर्म गेला, आणि गाडी सरळ समोरच्या भिंतीत.

उत्तर २: हेअरपिन, म्हणजे गाडी जवळपास उलटी फिरवणारं वळण, तेही बघा. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. पुढची चाकं नेहमीपेक्षा जास्त वळावीत म्हणून टीम्स इथे स्टिअरिंगची खास जुळणी करतात.

उत्तर ३: रविवार रटाळ, मान्य. २०२५ मध्ये टायरचे किमान तीन सेट सक्तीचे केले, तर काही टीम्सनी एक गाडी मुद्दाम रेंगाळत ठेवून मागच्यांना अडवलं आणि पुढच्या जोडीदाराला टायर बदलायच्या पिटस्टॉपपुरती फट काढून दिली.