डीओपीच्या सततच्या संपर्कामुळे शुक्राणूंची संख्या घटते का?

केबलवाला: मी सिल्वासातील पीव्हीसी केबलच्या कारखान्यात मिक्सरवर काम करतो. रेझिनमध्ये डीओपी (पीव्हीसी मऊ करणारे तेलकट रसायन) मिसळून ते तापवले जाते, तेव्हा झाकण उघडताच तेलकट वाफ तोंडावर येते आणि दिवसभर हात चिकट राहतात. लग्नाला तीन वर्षे होऊनही मूल नसल्यामुळे तपासणी केली, तर शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला १ कोटी १० लाख निघाली. याला डीओपी कारणीभूत असेल का, आणि काम बदलल्यास फरक पडेल का?

रसायनप्रेमी: तुमचे डीओपी म्हणजे डीईएचपी, हे थॅलेट (प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या गटातले) होय. ते पीव्हीसीच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, त्यामुळे उष्णता किंवा तेल मिळताच सुटे होते. त्याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा गर्भावस्थेतील आहे: गाभण उंदरिणींना ते दिल्यास नर गर्भाच्या वृषणांतील टेस्टोस्टेरॉन घटते आणि पिलांची वृषणे खाली उतरत नाहीत. प्रौढ पुरुषांबाबत पुरावा तुलनेने तुटपुंजा आहे. मात्र आतड्याच्या दाहावरील एका गोळीच्या आवरणात डीबीपी हे दुसरे थॅलेट असे, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ती गोळी नव्याने सुरू केलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावली व गोळी बदलल्यावरही लगेच सुधारली नाही. पत्नीला दिवस राहिल्यास कामाचे कपडे घरी नेऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन.

शंकेखोर: उंदरांवरून थेट माणसावर उडी मारू नये. मानवी गर्भाच्या वृषणाच्या ऊती उंदरांत रोपून थॅलेट दिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉनमध्ये तशी घट आढळली नाही. शिवाय मिक्सरजवळची उष्णता हेच एक कारण असू शकते, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. तंबाखू, नुकताच येऊन गेलेला ताप आणि व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणे) यांचा विचार आधी व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेची खालची संदर्भ मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. तुमचा आकडा कमी असला तरी एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या प्रजननविकारांच्या डॉक्टरांना) दाखवावे आणि त्यांना कामाचे स्वरूप आपणहून सांगावे.

रसायनप्रेमी: उष्णतेचा मुद्दा मान्य आहे. मात्र डीओपी शरीरातून एक-दोन दिवसांत बहुतांशी लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे संपर्क तुटला की त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. नोकरी सोडण्याआधी मिक्सरवर एक्झॉस्ट बसवून घ्या आणि नायट्राइलचे हातमोजे मागा. युरोपात जुलै २०१९ पासून विद्युत उपकरणांच्या केबलमध्ये डीईएचपीचे प्रमाण ०.१ टक्क्यापुरते मर्यादित आहे. तुमचा माल तिकडे जातो का?

केबलवाला: जातो. त्या मालासाठी डीओपीऐवजी डीओटीपी हे मऊ करणारे दुसरे रसायन वापरतात आणि त्याचा मिक्सर वेगळ्या शेडमध्ये आहे. उद्या सुपरवायझरकडे तिथे बदलीचा अर्ज देतो. तंबाखूचे मात्र डॉक्टरांना सांगावे लागेल.