मदत हवी आहे: फॅन बेल्टला एकही चीर नाही, तरी सकाळी किंचाळतो. बदलू का थांबू?

मंडळी, जरा सल्ला द्या. गाडी २०१५ची डिझेल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, ९४ हजार किमी झालेत. पंधरा दिवस झाले, सकाळी पहिला स्टार्टर मारला की बॉनेटखालून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी येते, पाच-दहा सेकंद, मग गप्प. पाऊस असला की जास्त, आणि एसी लावला की परत एकदा चूंऽऽ. सोसायटीतले लोक आता खिडकीतून बघतात.

टायमिंग बेल्ट नाही हां, बाहेरचा, अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग आणि माझ्या गाडीत वॉटर पंपपण फिरवणारा लांबलचक पट्टा.

एका गॅरेजवाल्याने अंगठ्याने पट्टा दाबला आणि म्हणाला, चीर दिसतीय का कुठं, मग कशाला बदलता. दुसऱ्याने वाकून न बघताच बेल्ट, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली) सगळं नवीन टाका म्हणून सांगितलं. आमचे मेव्हणे आधी टेम्पो चालवायचे, ते म्हणाले साबणाची वडी धर. धरली. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी डबल आवाज.

गणपतीला चिपळूणला जायचंय, कराडवरून कुंभार्ली घाटाने, बरोबर आईबाबा. घाटात पट्टा तुटला तर काय करू? आणि घरच्या घरी नीट तपासायचा कसा?

---

साबण बंद करा आधी, आणि ते बेल्टवर मारायचे स्प्रेपण नकोत, धूळ चिकटते नुसती.

चीर नाही म्हणजे पट्टा चांगला, हा हिशोब जुन्या रबराचा. हल्लीचे पट्टे बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, ते सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. इंजिन गार, चावी खिशात, मग मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ मोडवर खाली सरकवा. आतल्या बाजूच्या उभ्या धारा बघा. नव्या पट्ट्यात दोन धारांमधली खाच व्हीसारखी टोकदार असते, झिजलेल्यात ती रुंद आणि यूसारखी गोल होते. नख आडवं फिरवा, काचेसारखं गुळगुळीत लागलं तर पट्टा घसरतोय. कडेला दोरे सुटलेत का, धारेचा तुकडा गेलाय का, खाचेत खडी अडकलीय का, हेही बघा. आणि एकाच जागी बघून उठू नका, क्रँकच्या पुलीला (इंजिन जी थेट फिरवतं ती मुख्य पुली) पाना लावून इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला थोडं थोडं फिरवत पूर्ण पट्टा बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

मग पाण्याची टेस्ट. इंजिन चालू, बाही दुमडून, ओढणी-टॉवेल लांब, बाटलीने धारांच्या बाजूला थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी किंवा पट्टा घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीये, नुसता बेल्ट बदलून तो जाणार नाही.

घाटात तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागेल, हायड्रॉलिक असेल तर स्टिअरिंग जड. तुमचा वॉटर पंप त्याच पट्ट्यावर आहे, तो थांबला की इंजिन तापणार, म्हणजे लगेच बाजूला घेऊन बंद करायची, पुढच्या गावापर्यंत ओढू असला विचार करायचा नाही.

---

पट्टा काढलाच तर टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवून बघा, खरखर किंवा डगडग लागली तरच बदला. नवीन घेताना पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर बघून घ्या. ६पीके१०८० असेल तर सहा धारा, १०८० मिमी लांबी. दुकानदार "चालतंय की" म्हणून ५पीके देतो, तो घेऊ नका.

---

धन्यवाद मंडळी, रविवारी सकाळ घालवली. पाणी मारल्यावर आवाज वाढला. खाचा गोल झाल्यात, एका बाजूच्या दोन धारा आरशासारख्या चमकतायत. पण खरी गंमत पुढं, पट्टा फिरवताना बोटाला गुलाबी चिकट लागलं, वर टॉर्च मारला तर वॉटर पंपाच्या पुलीमागे वाळलेल्या कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) गुलाबी पापडी. म्हणजे थेंब थेंब गळून पट्ट्यावर पडतंय आणि मी वरून साबण चोळत होतो. बायको म्हणाली, मेव्हण्यांना सांगू नका.

आता पंप आणि बेल्ट एकदमच टाकतोय. एकच शंका राहिली, टेन्शनर फिरवल्यावर अजिबात आवाज नाही, डगडगपण नाही, पण ९४ हजार झालेत, तरी राहू द्यावा का?