सुटकेनंतरचा खर्च

एकांनी लिहिलंय की मानवी तस्करीच्या पीडितांसाठी देणगी द्यायचीच तर प्रत्यक्ष सुटका करणाऱ्या संस्थेला द्यावी, तिथे निकाल लगेच दिसतो. मला नेमकं उलट वाटतं. धाड घालणं पोलिसांचं काम. संस्थेचा कस त्यानंतर लागतो. सुटलेल्या माणसाची कागदपत्रं दलालाने ठेवून घेतलेली, डोक्यावर खरं-खोटं कर्ज, आणि खटल्यात साक्ष द्यायचीही अपेक्षा. तोवर राहायला जागा, दुभाषी, वकील, समुपदेशक, डॉक्टर हे सगळं लागतं. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलच्या (मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार) कलम ६ मध्ये यातलं बरंचसं आहे. पण सरकारांनी अशा सोयींचा ‘विचार करावा’ इतकीच सैल भाषा, म्हणून बराच भार संस्थांवर येतो. संयुक्त राष्ट्रांचा २०१० पासूनचा ऐच्छिक निधी याच कामासाठी संस्थांना अनुदान देतो.

संस्था निवडताना मी दोनच गोष्टी बघते. आवाहनात पीडितांचे चेहरे दिसले की माझ्याकडून नकार (दलालांनाही ते दिसतात!). दुसरं म्हणजे, सज्ञान व्यक्तीला निवारागृहातून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येतं का, फोन वापरता येतो का, हे सरळ विचारते. ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’ दाराला कुलूप असेल तर दुसरी संस्था शोधावी.